रोज जिंकणारं शिंगरू

फार मागची गोष्ट आहे. एका राज्यात घोडे शिकवणारा एक चाबुकस्वार होता. नाव चाबुकस्वार, पण चाबूक म्हणाल तर खुंटीवर धूळ खात पडलेला. त्यानं शिकवलेले घोडे दरवर्षी दसऱ्याची शर्यत मारत. लोक विचारत, "वस्ताद, युक्ती काय हो तुमची?"

तो म्हणे, "युक्ती कसली! माझी एक म्हातारी घोडी आहे. नवं शिंगरू आलं की आधी तिच्या मागं पळवतो. हरण्याची भीती गेली, की मग जिंकायचं बघायचं."

एके साली राजाचं लाडकं शिंगरू शिकायला पागेत आलं. राजाही रोज सकाळी बघायला येऊ लागला. पहिल्याच दिवशी शिंगरू मागं राहिलं, तसा राजाचा चेहरा पडला.

"वस्ताद, आमचं शिंगरू हरलं?"

"शिकतंय महाराज."

"शिकू दे. पण आमच्यासमोर हरायला नको."

चाबुकस्वार घुटमळला. एवढं नाव झालेलं, राजाची मर्जी कशाला घालवा? दुसऱ्या दिवसापासून घोडीवर बसून तो हळूच तिचा लगाम आखडू लागला. शिंगरू रोज जिंकायचं, राजा टाळ्या पिटायचा.

बायको म्हणाली, "अहो, शिंगराला शिकवताय की राजाला खेळवताय?"

"तू भाकरी थाप," तो म्हणाला. पण ती भाकरी काही त्याला गोड लागली नाही.

दसरा आला. शिंगरू बाणासारखं सुटलं. वळणावर शेजारच्या राज्याचा काळा घोडा बरोबरीला आला आणि पुढं गेला. त्याच्या टापांची माती शिंगराच्या तोंडावर उडाली. पहिला दिवस सोडला, तर असलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ते बिचकलं आणि चक्क उभं राहिलं. स्वार टाचा मारून दमला. लोक पोट धरधरून हसले.

राजा लालबुंद झाला. "काय खोट आहे आमच्या शिंगरात?"

स्वाराचं चुकलं म्हटलं असतं, तर चाबुकस्वार सुटला असता. शब्द ओठांवर आलाही होता. पण त्यानं मान खाली घातली. "त्याच्यात खोट नाही महाराज. खोट माझ्या जिभेत. पहिल्या दिवशीच तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं. तुम्हाला आवडतं म्हणून मी त्याला रोज जिंकवलं."

प्रधान म्हणाला, "हाकला याला पागेतून!"

राजानं हात वर करून प्रधानाला थांबवलं. मग म्हणाला, "आता काय करायचं?"

"पहिल्यापासून सुरुवात. आणि तुम्ही येणार असाल, तर मन घट्ट करून या."

दुसऱ्या दिवशी राजा आला. घोडी मोकळ्या लगामानं पुढं निघाली. शिंगराच्या नाकातोंडात माती गेली. ते थबकलं, फुरफुरलं. राजानं कुंपण गच्च धरलं. मग शिंगरानं मान झटकली आणि ते घोडीच्या मागं धावत सुटलं.

"आजही हरलंच की, वस्ताद," राजा म्हणाला.

"हरलं महाराज," चाबुकस्वार घोडीवरून उतरत हसला, "पण पळत राहिलं."

तात्पर्य: लाडक्याला रोज जिंकवणं सोपं असतं, मागं पडल्यावरही पळायला शिकवते, ती खरी माया.