सासूच्या दातातला दोर

ह्या दगडी खुट्ट्याला हात लावून बघा, पाव्हणं. भिऊ नका, चावत न्हाई. त्याच्या गळ्याला दोर घासून घासून बोटभर खाच पडलीया, आन खाचेत लाल डाग हाय. चार महिनं पाऊस झोडपतोय, तरी डाग जात न्हाई. त्यो लगमाक्काचा, असं सांगत्यात.

मुलूख कसला म्हणाल, तर घाटमाथ्याचं दक्षिणंकडलं शेवटचं टोक. म्होरं कडा, कड्याखाली कोकण. सड्यावर, म्हंजी ह्या माथ्याच्या पठारावर, नुसता कातळ. नाचणी पिकली तर पिकली, न्हाईतर जळवा हाईतच. सात डोंगरांवर सात घरं, एकाचा धूर दुसऱ्याला दिसत न्हाई. तुमी सकाळधरनं चालून आलासा, किती माणसं भेटली? दोन. त्यातलं एक बुजगावणं.

पर तवा असं नव्हतं म्हणे. समदी एकाच वाडीत ऱ्हायची. मुलखाला विकायला एकच चीज, ह्या कड्याला लोंबणारी आग्या मोहळं. मध आन मेण खाली कोकणात जायचं, तिकडनं मीठ, कापड, लोखंड यायचं. ज्याचा कडा त्येची चूल.

कडा दोघा भावांचा होता. धाकला मसणू दोराला लोंबकळून मोहळ कापायचा, थोरला सटूप्पा वर दोर धरायचा. दोर भावानंच धरायचा, रगत रगताला सोडत न्हाई, असा रिवाज. त्या रिवाजानंच घात केला.

मसणूची बायको सुंद्री सात महिन्यांची गरवार. तिच्यासाठी तिची आई लगमाक्का येऊन ऱ्हायली होती. सासू-जावयाचं मात्र एक दीस पटलं न्हाई. ती आंबील वाढताना म्हणायची, "खा, खा. काम मुंगीचं आन पोट म्हशीचं." त्यो म्हणायचा, "आक्का, तुमचं तोंड मिटलेलं बघायचंय एकदा. मग मी सुखानं मरीन."

वैशाखात कापणी आली. मसणू अंगाला घोंगडं गुंडाळून खाली उतरला. सुंद्री कड्याखाली पायथ्याला टोपल्या घेऊन उभी, तिथनं वरचं काय बी दिसत न्हाई. लगमाक्का धुरासाठी खापरात इंगळ घेऊन वर आली, आन बघती तर सटूप्पानं खुट्ट्यावर दोर धरलाय एका हातानं, दुसऱ्या हातात कोयता. दोराचा एक पदर तुटून लोंबतोय.

"सटू, काय करतोस रं?"

"गप म्हातारे. पोटातलं जन्मलं की कड्याचं दोन वाटं हुत्यात. बाप आधीच गेला तर पोराला वाटा न्हाई. माझ्या तीन पोरांनी कातळ चाटायचा का?"

तिनं दोन पावलं म्होरं टाकली. इंगळाचं खापर त्येच्या तोंडावर फोडलं. मिश्या जळल्या, एक डोळा जळला, आन हातातला दोर सुटला. खुट्ट्याभोवती दोर सरसर पळाया लागला. खाली मसणू वरडला. लगमाक्कानं झेप टाकून दोर दोन्ही हातांनी धरला, तळव्याची सालटी निघाली, पर दोर थांबला. तवर सटूप्पा उठला. त्येनं कोयता घातला तो सरळ तिच्या मनगटावर. उजवा हात दोराला तसाच चिकटून ऱ्हायला आन बाई अलग झाली. ती डाव्या हातानं दोर कमरंला गुंडाळून, त्यो अंगानं झाकून खुट्ट्याशी पाय रोवून बसली. त्येनं डावा बी तोडला.

मग तिनं दोर दातात धरला.

सटूप्पानं तिच्या पाठीवर घाव घातलं. कुणी सात म्हणतं, कुणी नऊ. मोजायला कोण होतं? रगत खाचेतनं दोरावर, दोरावरनं खाली मसणूच्या हातावर ठिबकलं. मध न्हवं हे त्येला कळलं. तो माकडासारखा वर चढला. त्येनं भावाच्या हातातला कोयता हिसकला आन त्येच कोयत्यानं भावाचं नरडं कापलं. सटूप्पा कड्यावरनं गेला, तो सुंद्रीच्या टोपल्यांच्या म्होरं पडला.

मसणू सासूपाशी बसला. "आक्का, आलो मी. सोडा आता."

ती सोडंना. डोळं उघडं, जबडा घट्ट. त्येनं किती गयावया केली, "आक्का, शिव्या द्या, मुंगी म्हणा, म्हस म्हणा." तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. दोर सुटंना, तवा त्येनं दोरच दोन्ही बाजूनं कापला आन तिला तसंच दातातल्या दोरासकट पुरलं, असं सांगत्यात.

पुढं सटूप्पाच्या पोरांनी मसणूला जिता जाळला, मसणूच्या पोरानं त्यातल्या दोघांना फोडलं. तीन पिढ्या ह्येच. शेवटी उरलेल्यांनी ठरवलं, दुसऱ्याचा धूर दिसला तर कोयता आठवतो. म्हणून एकेक घर एकेका डोंगराआड गेलं.

आजही वैशाखात सातही घरं कड्यावर येत्यात, पर भावाला दोराजवळ उभं करत न्हाईत. दोर सासूनंच धरायचा. ज्येला सासू न्हाई त्येनं उतरायचं न्हाई. पोरगी बघायला आलेली माणसं पोरीकडं नंतर बघत्यात, आधी तिच्या आईला हसवत्यात. दात मोजायला! हसू नका पाव्हणं, तुमच्या सासूचं किती हाईत ते सांगा आधी.

जावई उतरायच्या आधी सासू दोराला चावा घेती. आन त्यो वर येईस्तवर ती तोंड उघडत न्हाई. वर्सातनं तेवढाच वेळ ह्या मुलखात सासवा गप असत्यात. पायथ्याला टोपली घेऊन उभ्या लेकीला वरचं काय दिसत न्हाई. ती नुसती कान देऊन असती. जावयाचा पाय कातळावर पडला, की सासू पहिली कचकचीत शिवी हासडती. ती शिवी दरीतनं खाली आली, की लेक टोपली खाली ठेवती आन कपाळाचं कुंकू चाचपती.