लांबच्या वाटेचा मध

"घडा बदलला की झालं. सुनेला काय कळतंय, ती मूग गिळून बसणारी."

सासूबाई नणंदेशी कुजबुजल्या, तेव्हा सामा दाराआड ताक घुसळत होती. तिने रवी थांबू दिली नाही.

ही पूर्वीची गोष्ट. तगर नगरीत सुबंधु राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मधाच्या बाजाराचे परीक्षक होते आणि सामा त्यांची नवी सून. त्या बाजारात घेणाऱ्याला विकणारा दिसत नसे. दूरगावचे लोक निरोप धाडत, तांडे घडे पोचवत. विश्वास काय तो घड्यावरच्या लाखेच्या मोहोरेवर. पूर्वी बोटभर चाखले की मोहोर मिळे. पण वाटेत मध फसफसू लागला, तेव्हा बोधिसत्त्वांनी नवा नियम केला: घडा पंधरा दिवस उन्हात ठेवायचा, फेसाळला तर मोहोर नाही. आणि बिनमोहोरेचा घडा तांडा उचलत नसे.

सामाच्या वडिलांचाही घडा परीक्षेसाठी अंगणातल्या उन्हात होता. ते मध निथळू देत नसत, पोळे पिळून काढत, आणि असा मध लवकर फसफसतो. तीन दिवस कोण थांबणार, म्हणत.

पंधराव्या दिवशी सासूबाई चांगल्या मधाचा दुसरा घडा घेऊन अंगणात आल्या. बोधिसत्त्वांनी त्यांना अर्ध्या वाटेत अडवले.

"अहो, व्याह्यांचं दुकान बसेल. एका घड्यानं काय बिघडतंय?"

"जो तिकडे तो घडा उघडेल, त्याचं बिघडतं. तिथे त्याला सावध करायला ना मी असेन, ना तू."

"पोरीसाठी करतेय मी."

सामाने माहेरची गाठ असलेला घडा उचलला आणि मुकाट्याने बाकी सर्व घड्यांच्या आधी सासऱ्यांपुढे ठेवला. झाकण काढताच फेस ओघळला.

बोधिसत्त्वांनी मोहोर दिली नाही. म्हणाले, "हा वेशीतल्या बाजारात चाखून घेणाऱ्यांना विकावा. पहिला घडा आपल्याच घरी घेऊ."

नणंद म्हणाली, "वहिनी, आता कोणत्या तोंडानं माहेरी जाशील?"

तेव्हा कुठे सामा बोलली, "निथळायला तीन दिवस लागतात. बाबांना धीर नाही, मी शेजारी बसेन. चौथ्या दिवशी परत येते."

एवढी गोष्ट सांगून धर्मोपदेश करणारे शास्ते समोर जमलेल्या श्रोत्यांना म्हणाले, "शील अवघड म्हणून आज कुरकुरणारा हा गृहस्थ तेव्हा सामाचा पिता होता. त्याला पाठीशी घालणारी ही उपासिका ती सासू, भिक्षुणी सुमेखला ती सामा आणि परीक्षक मीच. आपल्या माणसासाठीही ठरवलेले माप ढळू न देणे, याला अधिष्ठान म्हणतात."