सातवा खुंट

"मग बाय, किती भरली?"

सासऱ्यानं, धाकूनाखव्यानं विचारलं तेव्हा हेमांगीच्या पदराचं पाणीही निथळलं नव्हतं.

"दोनशे सत्तर, मामंजी."

ती हसली नाही. नव्या सुनेनं फार हसू नये, एवढं चार महिन्यांत तिला कळलं होतं. मान मात्र जरा ताठ झालीच.

खाडीत दहा खुंट. दर श्रावणात एकाच ओहोटीला प्रत्येक खुंटाशी एकदाच जाळं फेकायचं, आलेली बोई माशाची पिलं मोजायची, परत पाण्यात सोडायची. त्यावरून नाखवा सांगे, पुढल्या साली मासळी किती. तीस वर्षं गाव त्याच्या शब्दावर चाललं होतं. पिलं भरपूर, तर खाडीच्या तोंडाशी बारीक जाळी लावायची. कमी, तर गुंडाळून ठेवायची.

यंदा नाखव्याचे गुडघे बसले. जाळं सुनेच्या हाती आलं.

"दोनशे सत्तर," नाखवा म्हणाला. "गेल्या साली नव्वद होती... सातव्या खुंटाला किती?"

हेमांगी जाळ्याची गाठ चाचपू लागली.

"बाय?"

"सातव्याला काही नव्हतं. आठव्यालाही. मग जरा पलीकडे, बगळे बसले होते ना, तिथं दोनदा फेकलं. दोनशे तिथलीच."

"बगळ्यांनी बोलावलं?"

"मामंजी!"

"हुशार जात. पण त्यांना आजच जेवायचं असतं."

तिनं पदर पिळला. मग उगाच पुन्हा पिळला.

"रिकामं जाळं घेऊन आले असते, तर बायका म्हणाल्या असत्या, नव्या सुनेचा पायगुण. हिनं पाय घातला नि खाडी आटली."

नाखव्यानं तिच्याकडं पाहिलं. मग भिंतीला धरून उठला.

"चल. ओहोटी आहे अजून."

"आणि तुमचे गुडघे?"

"ते येतील मागनं."

सातव्या खुंटाशी, कमरेएवढ्या पाण्यात, तिनं जाळं फेकलं. ओढलं. चिखल आणि एक काडी.

"किती?"

"काहीच नाही."

"नीट मोज."

तिनं जाळ्याची घडीन् घडी उलगडून पाहिली.

"...शून्य."

"हं. तोही आकडाच."

आठव्यालाही तेच. बगळ्यांकडची दोनशे वजा झाली. उरली सत्तर.

काठावर आकडा ऐकायला गाव जमलं होतं. बायका पुढं. हेमांगीनं जाळ्याचा बोळा केला आणि हळूच पदराआड घेतला.

नाखवा थांबला. पदराआडून त्यानं जाळं काढलं, झटकलं, आणि देवाचं ताट द्यावं तसं तिच्या दोन्ही तळव्यांवर पसरून ठेवलं.

रिकाम्या जाळ्यातून पाणी ठिबकत होतं.

"चल हो पुढं," तो म्हणाला. "आणि जपून, बाय... सांडेल."