एका उंबरावरचा बेत

डोंगरापलीकडच्या खोऱ्यात अजून वाट पोहोचली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. ऐन चैत्रात तेथे एकच उंबर पिकलेला होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी पिलांसह दार लिंपून बसली होती. तिची पिसे गळली होती. लिंपणाच्या फटीतून धनेश भरवील तेवढेच त्यांचे अन्न.

एके सकाळी धनेश परतला, तो शहरातल्या साळुंक्या त्या झाडाच्या फांद्या वाटून घेत होत्या.

“वरची फांदी मावशींना, तिथे वारा छान लागतो,” म्होरकी सांगत होती. “उद्या सगळ्यांना घेऊन येऊ. खाऊ तेवढे खाऊ, उरेल ते उधळू.”

धनेशने राग आवरला. “येथे बिऱ्हाड आहे, बाई. पिले उडाली की खुशाल या.”

“तोवर फळे संपतील, धनेशराव. आणि हे झाड काय तुम्ही लावलेत? देवाने दिले, ते सर्वांचे.”

“देवाने ते भुकेसाठी दिले. तुम्ही भरल्या पोटी आला आहात, आणि त्याचेच नाव घेऊन माझ्या पिलांच्या तोंडचा घास काढता?”

तेवढ्यात एक साळुंकी फटीत डोकावून हसली. “अगं, आत कोंडलेली आहे बघ. मुलांना दाखवायला मजा येईल.”

धनेश पंख पसरून ढोलीसमोर उभा राहिला आणि त्याने चोच अशी आपटली की फांदी हादरली. साळुंक्या उडाल्या. “पाहुण्यांशी कसे वागावे, हेही यांना ठाऊक नाही,” म्होरकी जाता जाता म्हणाली.

“कोण आले होते?” मादीने आतून विचारले.

धनेशने उंबर तिच्या चोचीत ठेवले.

“पाहुणे नव्हते,” तो म्हणाला.