लोखंड्याच्या मुठीतली राजकन्या

एकदा काय झालं, उंबरगड नावाचं एक राज्य होतं. तिथल्या राजाचं नाव वीरधवल. आणि त्या राजाकडे होता एक लोखंडी राक्षस. देवळाच्या शिखराएवढा उंच! लोक त्याला लोखंड्या म्हणायचे. त्याच्या अंगात हत्तीचं बळ होतं, पण स्वतःची अक्कल रतीभरही नव्हती, बरं का. सांगितलं तेवढंच करायचा.

पण सांगायचं कसं? त्याला माणसांची भाषा कळायचीच नाही. त्याला दोनच आवाज कळायचे. नगाऱ्याच्या मधोमध टोला मारला की ढम, आणि काठावर मारला की टिक. बस.

मग राजाने लोखंड्यासमोर तीन मजल्यांचा बुरूज बांधला. वरच्या मजल्यावर मैना नावाची बाई बसायची. राजा आपल्यासारखं बोलायचा, ती त्याचं बोलणं कामाकामात फोडून खाली पाठवायची. मधल्या मजल्यावर धर्माजी. त्याच्याकडे मोजून बारा शब्द. उचल, धर, मूठ उघड, हात खाली, असे तोकडे तोकडे. मैनेचं काम तो त्या शब्दांत बसवायचा. आणि तळाला म्हातारा येसूबाबा. तो त्या शब्दांचे ढम आणि टिक करून नगारा वाजवायचा. मग लोखंड्या हलायचा.

एके दिवशी सकाळी राजा नदीपलीकडे निघाला. त्याची पाच वर्षांची लेक होती, इंदू. घोड्यावर बसता बसता राजा म्हणाला, "मैना, लोखंड्याला सांग, माझ्या लेकीला सांभाळ. कुणाचा हात लागू देऊ नकोस."

मैना घाईत होती. तिने तेवढंच खाली पाठवलं. धर्माजीने शब्द लावले. येसूबाबाने नगारा वाजवला. लोखंड्याने वाकून इंदूला अलगद उचललं, मुठीत धरलं आणि हात आभाळाकडे नेला.

इंदू आधी हसली. मग तिला तहान लागली. दाई दूध घेऊन धावली. कुणी जवळ आलं की लोखंड्या हात आणखी वर न्यायचा. दाई मागे सरली. स्वयंपाकीण पुढे आली, हात पुन्हा वर गेला. ऊन चढलं. लोखंड तापायला लागलं. इंदू रडून रडून गप्प झाली, आणि ते गप्प होणं मैनेला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं. कधीपर्यंत सांभाळायचं, हे राजा बोलला नव्हता. आणि तिने विचारलंही नव्हतं.

दुपारी राजा परतला. वर बघितलं आणि ओरडला, "सोड! सोड म्हणावं तिला!"

मैनेने निरोप खाली पाठवायला तोंड उघडलं आणि जीभ चावली. सोड म्हणजे धर्माजीच्या भाषेत काय? मूठ उघड. मग पोर कुठून कुठे पडेल?

"महाराज," ती म्हणाली, "एवढ्या शब्दाने लेक जाईल. मला थोडा वेळ द्या."

"वेळ कुठाय? ती बघ, मान टाकलीय तिने!"

मैनेने हात जोडले आणि धावतच खाली धर्माजीकडे गेली. म्हणाली, "लोखंड्याचा डावा हात रिकामा आहे. आधी त्यावर करून बघू." मग त्या डाव्या हातात मातीची घागर उचलून धरायला लावली. मैना म्हणाली, "घागर खाली दे." धर्माजीने शब्द लावले, नगारा वाजला. लोखंड्याने मूठ उघडली. फट्! घागरीच्या ठिकऱ्या.

मग दुसरी घागर. या वेळी तिने एक एक पायरी सांगितली. 'हात खाली' एकदा वाजलं की हात एक माप उतरायचा. आधी हात नऊ मापं खाली, मग मूठ उघड. हात खाली आला, पण जमिनीपासून माणूसभर उंचीवर थांबला. फट्! तीही गेली.

मग तिसरी. बारा मापं. हात जमिनीला टेकला, मूठ उघडली, घागर तशीच्या तशी उभी!

"झालं!" राजा म्हणाला. "आता लेकीला!"

मैना उजव्या हाताकडे बघत राहिली. डावा हात घागर धरून होता, त्याहूनही तो वर होता. लोक जवळ गेले तसा तो चढत गेला होता ना! तिने बुरुजाच्या दगडांचे थर मोजले. एका मापाला एक थर. चौदा. पुन्हा मोजले. चौदाच.

ती तळाला पोहोचली तेव्हा येसूबाबा हात चोळत होता. "पोरी, तीन वेळा वाजवून हात थरथरायला लागला. आता एक टोला चुकला तर?"

मैनेने आयुष्यात नगारा वाजवला नव्हता. तिने टिपऱ्या घेतल्या. म्हातारा कानाशी सांगू लागला. धर्माजीही खाली आला आणि समोर चौदा चिंचोके मांडून बसला. एक माप झालं की एक चिंचोका बाजूला.

ढम टिक टिक ढम. हात एक माप खाली आला. ढम टिक टिक ढम. दुसरं. मैनेच्या मनगटात कळ यायला लागली. मग वरून बारीक आवाज आला, "मैनामावशी..."

मैनेचा हात थांबला. नऊ मापं झाली की दहा? तिला आठवेना. आता एक माप कमी पडलं तर पोर उंचावरून पडणार, एक जास्त झालं तर हात जमिनीत घुसणार. तिची नजर वर गेली.

"ताई, वर बघू नका," धर्माजी हळूच म्हणाला. "इकडे बघा. नऊ चिंचोके बाजूला झालेत."

मैनेने पुन्हा टिपरी उचलली. दहा. अकरा. बारा. तेरा. चौदा. मग मूठ उघडायचे टोले, एक एक, जपून.

लोखंडी बोटं उघडली. इंदू तळव्यात बसून होती. गाल लाल, ओठ कोरडे. ती उतरली आणि म्हणाली, "पाणी."

राजाने तिला उचललं आणि लहान मुलासारखा रडला. दाईने पाणी पाजलं, थोडं थोडं. मैना नगाऱ्याला टेकून खाली बसली. राजा तिच्याजवळ आला, म्हणाला, "मैना, अर्धवट तर मीच बोललो होतो."

मग इंदूच्या आईने, राणीने, तिघांना आपल्या हाताने शेवयांची खीर वाढली. येसूबाबाने तीन वाट्या खाल्ल्या. इंदू आईच्या मांडीवर झोपली. लोखंड्या मात्र बाहेर रिकामा तळवा पसरून तसाच बसून राहिला. त्याला ना सुख, ना दुःख.

तर अशी ती इंदू मोठी झाली, आणि उंबरगडात सगळे सुखाने राहिले. चला, पांघरूण ओढा गळ्यापर्यंत. डोळे मिटा बघू आता.