निळा पडलेला ड्रम

“हिला पंचमीला पाठवूच नका. एकदा तिकडे गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.”

हे मी ऐकायचं नव्हतं. चहा घेऊन मी शेडच्या कुडाआड पोचले होते, आणि नव्या सुनेच्या पावलांचा आवाज अजून घरात कुणाच्या ओळखीचा नसतो.

बोलत होता माझा नवरा, दिगंबर. ऐकत होते त्याचे वडील, आप्पा. शेडमध्ये मात्र तो त्यांना उस्ताद म्हणतो. बापलेकाचं नातं बाहेर चपलांपाशी ठेवायचं, हा आप्पांचाच नियम.

दोघांच्या मधे एक मिनीबाईक होती. सीझनला पर्यटकांची पोरं या गुडघ्याएवढ्या गाड्या किनाऱ्यावर पळवतात. पावसाळ्यात त्या आमच्याकडे दुरुस्तीला येऊन पडतात.

“घाटावरचं खूळ आहे ते,” दिगंबर म्हणाला. “आपल्याकडे नागपंचमीला कोण माहेरी जातं? त्यात गणपती तोंडावर. माहेरचा फोन आला की हिचा चेहरा उजळतो, ठेवला की विझतो. थोडे दिवस ती ओढच सैल केली, तर इथे लवकर रुळेल.”

आप्पा गाडीकडे बघत होते.

“या गाडीचं काय?”

“चढावर चढत नाही, उस्ताद. रेस द्यावी तर इंजिन बोंबलतं. चाक ढिम्म.”

“क्लचला तेल लागलंय?”

“पुसलं. लायनरही नवे टाकले. तेही लगेच काचेसारखे गुळगुळीत झाले.”

“सुरू कर.”

त्याने सुरू केली. रेस दिलेली नसताना गाडी आपली पुढे निघाली. दिगंबरने ब्रेक दाबून धरला. गाडी जागच्या जागी थरथरत राहिली...

“रेस कमी कर.”

“कमीच आहे.”

“मग निघालीय कुठे?”

दिगंबरने वाकून रेसची तार तपासली.

“बंद कर. क्लच उघड.”

जळका वास कुडापर्यंत आला. माझ्या हातात चहा, आणि मन चिंचेखाली. गावी आता झोका बांधला असेल. आई दोराला लोंबकळून बघत असेल, माझं वजन पेलेल ना म्हणून. लग्नानंतर मुली सुटतात, असं तिचं ठाम मत आहे.

तापून तापून ड्रम निळा पडला होता.

हा क्लच कसा चालतो, ते मी चहा देता देता शिकलेय. इंजिनाचा वेग वाढला की लायनर बाहेर फेकले जातात, भोवतीच्या ड्रमला धरतात आणि चाक फिरतं. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात.

आप्पांनी बोटाने एक स्प्रिंग हलवली. लुळी.

“या कुणी टाकल्या?”

“मीच.” दिगंबरच्या आवाजात जरा ताठा आला. “जुन्या फार कडक होत्या, उस्ताद. सारख्या आत ओढायच्या. म्हटलं, मऊ टाकल्या की लायनर लगेच बाहेर येतील, लगेच पकडतील.”

“आले?”

“आले की! सुरू केल्या केल्या ड्रमला टेकतात.”

“सुटतात कधी?” आप्पांनी निळ्या ड्रमवर बोट टेकवलं. “ब्रेक दाबून तू उभा. आत ते घासतायत, जळतायत. जो सुटतच नाही, तो पकडणार कधी?”

आप्पांनी डबा उपडा करून जुन्या स्प्रिंगा शोधल्या आणि बसवल्या. मग अंगठ्याने एक लायनर बाहेर ओढला, पार कडेपर्यंत, आणि सोडला.

टक्. आत.

“तू ओढ.”

दिगंबरने ओढला. सोडला. टक्.

“पुन्हा.”

टक्.

दिगंबर लायनर ओढत होता, सोडत होता. मग त्याचा हात थांबला.

“पण आप्पा...”

उस्ताद म्हणाला नाही तो.

“...तिकडेच रमली तर?”

आप्पांनी फडक्याला हात पुसले. कुडाकडे न बघताच म्हणाले, “सूनबाई, चहा निवला असेल.”

निवलाच होता. मी आत गेले. लग्न होऊन आल्यापासून या शेडमध्ये मी कप ठेवण्याखेरीज कसलाच आवाज केला नव्हता. दिगंबरने मान खाली घातली. त्याच्या अंगठ्याला काजळी लागली होती, आणि लायनर अजून त्याने बाहेर ओढून धरलेला होता.

मी कप ठेवले.

“पंचमीला भाऊ येईल. मी जाणार आहे,” मी म्हणाले. “गणपतीच्या आधी न्यायला या... आणि तोवर ब्रेक दाबून बसू नका.”