येसजी तांडेलाचा ढीग

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते विचारू नका. मोजायला बसलात तर तुमची बोटं संपतील आणि शेजारणीची उसनी आणावी लागतील. तेव्हा काजळबंदरात कौलारू घर एकसुद्धा नव्हतं. नुसती झापांची खोपटी होती, पण उखाळ्यापाखाळ्या काढणारी तोंडं आत्ता आहेत तेवढीच होती. आणि दर्यावर येसजी तांडेल होता.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. बाकीचे तांडेल मासे धरायचे. येसजीच्या गलबतावर जाळंच नव्हतं. तो होड्या धरायचा. समुद्री चाचाच तो, सरळ सांगायचं तर. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या होत्या की वारा पडला की त्यांचंच शीड करायचा, असं म्हणतात. आता ते खोटं असेल. पण मिशा होत्या, एवढं खरं.

दयामाया त्याच्या गावी नव्हती. एकदा त्याच्या एका खलाशानं लुटीतला चांदीचा पेला लंगोटीत लपवला. येसजीनं त्याला ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर उतरवलं, आणि आपण शेजारी होडी लावून कांदाभाकर खात बसला. भरती लागली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, हनुवटीला आलं. तेव्हा त्याला वर ओढलं आणि विचारलं, "काय रे, भागली का तहान?" तो खलाशी पुढं जन्मभर ओंजळीनंच पाणी प्याला, असं म्हणतात. पेला बघितला की त्याला हुडहुडी भरायची.

असे नऊ खलाशी होते. नऊही एकापेक्षा एक हावरट. एकाला स्वप्नात मोहोर दिसली तर दुसरा त्याला हलवून उठवायचा आणि अर्धी मागायचा. त्यांच्यात सगळ्यात मोठा हावरट पदाजी. तो सुकाणू धरायचा. हात सुकाणूवर आणि डोळा लुटीवर.

एका चैत्रात त्यांनी परमुलुखाचं एक मोठं जहाज गाठलं. सात पेट्या मिळाल्या. पितळी पट्ट्यांच्या, चार माणसांनी उचलाव्या तेव्हा हलतील अशा. नऊ जण पेट्यांकडे बघत होते आणि येसजी त्या नऊ जणांकडे बघत होता. त्याला कळलं, की पेट्या आज वाटल्या तर उद्या हे आपला गळा कापतील आणि परवा एकमेकांचा. जमिनीत पुरल्या तर अख्खं बंदर उकरून ठेवतील.

म्हणून भर दुपारी, मधल्या दर्यात, त्यानं हुकूम सोडला, "मुंडाशी सोडा. आपापल्या डोळ्यांवर बांधा. जो फट ठेवील त्याला खडकावर नेईन."

खडकाचं नाव निघाल्यावर कोण फट ठेवतो! नवांनी डोळे बांधले आणि आंधळ्या कोशिंबिरीसारखे चाचपडत पेट्या गलबताच्या काठावर आणल्या. येसजी एकटा किनाऱ्याकडे बघत उभा राहिला.

काजळबंदरच्या बायका खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, अजूनही काढतात. घरी नेऊन उकडायच्या, खायच्या आणि शिंपल्या किनाऱ्यावर एका जागी टाकायच्या. त्याचा पांढराधोप ढीग झाला होता. ढिगाच्या मागं टेकडीवर एकच उंच माड. येसजीनं गलबत मागं घेतलं, पुढं घेतलं, आणि ढिगाचं टोक माडाच्या झावळ्यांना बरोब्बर टेकलेलं दिसलं, तिथं म्हणाला, "लोटा!" सात वेळा धबाक् झालं. संपलं.

"आता ऐका," येसजी म्हणाला. "जागा माझ्या डोळ्यांत आहे. पावसाळा सरला की वर काढू. तोवर माझ्या डोळ्यांना जपा. मला साधी शिंक आली तरी तुमच्या पोटात गोळा यायला पाहिजे."

आणि खरंच तसं झालं. ते नऊ जण त्याला वाऱ्याला बसू देईनात. खोकला आला तर पदाजी स्वतः आल्याचा रस काढून द्यायचा.

दर्यात जागा लक्षात ठेवायची तर सगळेच कोळी अशी खूण धरतात. पुढं एक वस्तू, मागं एक वस्तू. पण शहाणा तांडेल कातळ धरतो, डोंगर धरतो. जे हलत नाही ते धरतो. येसजीनं धरला शिंपल्यांचा ढीग. जन्मात कधी तिसऱ्या निवडल्या असत्या, तर त्याला कळलं असतं की त्या ढिगाचं पुढं काय होतं. पण पुरुषमाणसाला ताट दिसतं, ताटामागचं कुठं दिसतं!

पावसाचा जोर सरला. नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी दर्याला नारळ दिला आणि नऊ जण येसजीला घेऊन गलबतात बसले. त्यांच्या जिभा नुसत्या लवलवत होत्या. येसजीनं ऐटीत मिशीवरून हात फिरवला आणि किनाऱ्याकडे बघितलं.

माड होता. टेकडी होती. ढीग नव्हता.

येसजीनं डोळे चोळले. पुन्हा बघितलं. दर्या केवढा, पेट्या केवढ्या! खाली गाळ. ढिगाशिवाय ती जागा सापडायची म्हणजे भातात हरवलेली कणी शोधायची.

"काय झालं, तांडेल?" पदाजीनं विचारलं.

"उधाण आहे," येसजी म्हणाला. "पाणी फार ओढतंय. आठ दिवसांनी अष्टमीला भांगाची लहान भरती लागेल, पाणी निवेल, तेव्हा काढू."

पदाजीनं नांगराच्या दोरीशी जरा खेळ केला. "आठ दिवस थांबतो. नवव्या दिवशी पेट्या वर आल्या नाहीत, तर हा नांगर तुमच्या गळ्यात आणि तुम्ही पेट्यांजवळ."

ज्याला बघून अख्खा किनारा चळचळा कापायचा, तो येसजी त्या दिवशी होडीतून उतरताना दोनदा घसरला, असं म्हणतात.

तो तडक जाकूआयच्या खोपटाकडे गेला. जाकूआय म्हणजे तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची म्होरकी. तोंडात दात तीन, पण चावा घ्यायला जीभ पुरायची. ती पायरीवर बसून विळ्यानं तिसऱ्या फोडत होती.

"म्हातारे, माझा ढीग कुठाय?" येसजी गरजला.

"तुझा?" जाकूआयनं वर बघितलंसुद्धा नाही. "त्यातली एक तरी शिंपली तू चोखलीस का रे मेल्या?"

"ढीग कुठाय ते सांग!"

"तो बघ," तिनं विळ्याच्या टोकानं दाखवलं. "देवीच्या भिंतीवर आहे."

येसजीनं बघितलं. बंदरावरच्या देवीचं देऊळ नवंकोरं झालं होतं आणि उन्हात लखलखत होतं. वैशाखात भिंत बांधायला काढली होती. चुना लागतो, तर बायकांनी ढीग भट्टीत घातला, भाजला, भिजवला आणि भिंतीला दिला. दर चारपाच वर्षांनी असंच करतात. सगळ्या बंदराला ठाऊक. एका येसजीला सोडून.

येसजी मट्कन खाली बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. सांगतो कसला, सात पेट्यांचं ओझं होतं छातीवर, आपोआप बाहेर पडलं.

जाकूआय एवढी हसली, एवढी हसली, की तिचा तिसरा दात त्याच दिवशी पडला. "अरे येश्या! खूण धरलीस ती बायकांच्या उष्ट्यावर?"

"आये, हसू नको गो. नवव्या दिवशी मरतोय मी."

"मरू नको. ढीग खाऊन होतो, परत खाऊन होईल. जुनी जागा मला माहीत आहे. तुझे नऊ रेडे आहेत ना? त्यांना खाडीत उतरव. काढू दे तिसऱ्या, खाऊ दे, शिंपल्या टाकू दे. पण ढीग होईस्तोवर आमच्या होड्यांना हात लावायचा नाही."

येसजी परत आला आणि छाती पुढं काढून खलाशांना म्हणाला, "खूण देवीनं नेली आहे. शिंपल्यांचा ढीग उभा केला की परत मिळेल. कुणाला शंका असेल तर त्यानं मला आत्ता बुडवावं आणि पेट्या स्वतः शोधाव्या."

नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं. पदाजीनं नांगर खाली ठेवला.

जाकूआयनं किनाऱ्यावर एका जागी काठी रोवली आणि काम सुरू झालं. दिवसाच्या ओहोटीला नऊ चाचे कमरेएवढ्या चिखलात. बायका काठावर उभ्या राहून शिकवायच्या, "अरे पायानं चाचप, पायानं! तलवारीनं काय उकरतोस, शिंपली आहे ती, वैरी नाही!" पहिल्या दिवशी त्यांनी नऊ टोपल्या काढल्या आणि साडेआठ खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पदाजीला कोणी खोबरं-कोथिंबिरीचं वाटण घालून दिलं. तो वाटी चाटून म्हणाला, "तांडेल, पेट्यांची तशी काही घाई नाही."

मग काय विचारता! भादवा गेला, दिवाळी गेली, शिमग्यात तर नऊ जण बंदरच्या पालखीखाली नाचले. तिसऱ्यांचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, तिसऱ्यांचा भात. खाऊन खाऊन ते असे फुगले की गलबत एका बाजूला कलायला लागलं. त्यांनी एवढ्या तिसऱ्या काढल्या की खाडी हातभर खोल झाली, असं म्हणतात. ढीग एवढा पांढरा झाला की उन्हं त्यावर पडली की कोंबडे दुपारचेच आरवायचे. पदाजीनं जाकूआयच्या भाचीशी लग्न केलं. बाकीच्यांतही कोणी जाळं विणायला शिकला, कोणी पोरांना खांद्यावर घ्यायला. लुटायला वेळच कुठं होता! ओहोटी काय कोणासाठी थांबते?

रोज येसजी एकटा होडी घेऊन मधल्या दर्यात त्या जागेच्या अंदाजानं जायचा, बघायचा आणि परत येऊन सांगायचा, "अजून हातभर."

दोन वर्षांनी एका सकाळी तो गेला, आणि त्यानं बघितलं. ढिगाचं टोक माडाच्या झावळ्यांना टेकलं होतं. बरोब्बर. केसाचा फरक नाही.

खाली सात पेट्या! आणि पेट्या वर आल्या की? की नऊ जणांना येसजीच्या डोळ्यांची गरज उरणार नाही. चांदी दिसली की पदाजीला परत नांगर आठवेल. बायको आठवेल का? कोण सांगणार! आणि येसजीला स्वतःचाही भरवसा वाटेना. सात पेट्या बघून आपल्याला परत तो खडक आठवला तर? किनाऱ्यावरून हसण्याचा आवाज येत होता. पदाजी चिखलात आपटला होता आणि त्याची बायको त्याला टोपलीनं झोडत होती. येसजीनं एकदा खाली पाण्याकडे बघितलं. मग त्यानं होडी वळवली.

"काय तांडेल?" सगळे ओरडले.

येसजीनं मिशीला पीळ दिला, डोळे वटारले आणि आपल्या जुन्या भयंकर आवाजात गरजला, "अजून हातभर! आळशांनो, कामाला लागा!"

आणि नऊ जण टोपल्या घेऊन पळाले. उड्या मारत पळाले.

जाकूआय तेवढी हलली नाही. ती येसजीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "टेकलं ना रे टोक?"

"टेकलं गो आये. पण कोणाला बोलू नको."

"मी कशाला बोलते?" ती म्हणाली. "आणि ढीग जुन्या जागी आहे, असं तुला कोणी सांगितलं? आमच्या होड्या खाडीत शिरताना तोंडाशीच्या आडव्या खडकावर फुटायच्या. होडीचं नाक ढिगाकडे धरून आलं की वाट मोकळी मिळते, अशी जागा बघून काठी रोवली मी. तुझ्या पेट्या तिथं नाहीतच!"

येसजी आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग असा हसला की त्याच्या हसण्यानं भरती वेळेआधी लागली, असं म्हणतात. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना लुबाडलं त्याला एका दोन दातांच्या म्हातारीनं लुबाडलं, आणि त्याला काय आनंद झाला!

पुढं येसजी बंदराचाच तांडेल झाला. जाळ्याचा तांडेल. लोभ मात्र त्यानं कोणाचाच मोडला नाही, नुसता कामाला जुंपला. म्हातारपणी एके दिवशी तो होडीत बसला आणि त्यानं किनाऱ्यावरच्या सगळ्यांना डोळ्यांवर मुंडाशी बांधायला सांगितली. मुंडाशी सोडली तेव्हा होडी नव्हती, येसजी नव्हता. दर्यावर नुसती पांढऱ्या फेसाची वाट होती, थेट आभाळापर्यंत. असं म्हणतात.

काजळबंदरात अजून कोणी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकिरड्यावर टाकत नाही. भट्टीला लागतील तेवढ्या नेतात, पण ढीग कधी मोडत नाहीत. होड्या त्याच्याकडेच नाक धरून घरी येतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की घराघरातून एक टोपली शिंपल्या येसजीच्या नावानं ढिगावर पडते. मग बंदराचा तांडेल होडी घेऊन मधल्या दर्यात जातो, माडाकडे बघतो, ढिगाकडे बघतो आणि ओरडतो, "अजून हातभर!" किनारा नाचायला लागतो आणि हंडे चुलीवर चढतात.

मधे एका वर्षी नव्यानंच झालेला एक तांडेल गेला. सरळ माणूस, जे दिसलं ते ओरडला, "टेकलं! टोक टेकलं!"

हंडे हातातच राहिले. आता पेट्या काढायच्या म्हणजे वाटण्या आल्या, भांडणं आली, मुंडाशी आली. तेवढ्यात एक म्हातारी लुगडं खोचून ढिगावर चढली. कोण ते विचारू नका. तिनं टोकावरच्या ओंजळभर शिंपल्या काढून ओटीत टाकल्या आणि खाली ओरडली, "हं, बघ रे मेल्या परत!"